धान्यांची पंगत

धान्य हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों. परंतु धान्य कशास म्हणावें आणि त्याचे प्रकार किती, असा प्रश्न कोणीं सरळ विचारला, तर उत्तर देणाराची थोडी तारांबळ उडाल्यावांचून राहत नाहीं. कोल्हापुरांतल्या एखाद्या भुसारी दुकानासमोर क्षणभर उभें राहून पाहावें. एका बाजूस जोंधळा, गहूं, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, नाचणी आणि वरी यांचीं पोतीं असतात. त्यांना लागून तूर, मूग, मसूर, हुलगे, पावटे आणि हरभरे. पलीकडे तीळ, कारळे, शेंगदाणे. आणि मालकाच्या पाठीमागें, फळीवरच्या बरण्यांत, काजू, बदाम व चारोळी. मुळांत हीं सगळीं बीजेंच आहेत. झाडानें आपल्या पुढच्या पिढीसाठीं बांधून ठेवलेली ती शिदोरी आहे, आणि ती आपण मध्येंच उचलून खातों. असें असतां एकाची जागा बरणींत व दुसऱ्याची पोत्यांत, एक उपासाला चालणारें व दुसरें न चालणारें, एक पाहुण्याच्या पानांत व दुसरें गड्याच्या टोपलींत, हा भेद कोणीं केला?

या प्रश्नाचें उत्तर दाण्यांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. दाण्याच्या अंगावर त्याचा वर्ग लिहिलेला नसतो. वर्ग जन्माला येतो तो विचारणाऱ्याच्या प्रश्नांतून. हें पचेल कसें, असें वैद्य विचारतो. हें पेरावें केव्हां आणि याच्यामागून जमीन कशी राहील, असें शेतकरी विचारतो. याचें तेल किती निघेल, असें घाणेवाला विचारतो. हें आज चालेल काय, असें घरांतली वडील बाई विचारते. आणि हें कोणत्या रकान्यांत मांडावें, असें सरकार विचारतें. प्रत्येकानें आपल्या प्रश्नाप्रमाणें धान्यांच्या निरनिराळ्या पंगती बसविल्या. त्यांत खोटें असें कांहीं नाहीं. परंतु एकदां पंगत बसली, म्हणजे त्या धान्याचा भाव, त्याचा मान आणि तें पिकविणाऱ्या माणसाची पायरी हीं तिच्या मागोमाग ठरत जातात. दाण्यांचा हा इतिहास म्हणूनच थोडाफार माणसांचाही इतिहास होतो.

आपल्याकडील जुन्या तपशीलवार मांडण्यांत वैद्यांची मांडणी अग्रभागीं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत खाण्यापिण्याच्या पदार्थांचे बारा वर्ग केलेले आहेत. त्यांत पहिला शूकधान्यांचा आणि दुसरा शमीधान्यांचा. शूक म्हणजे कुसळ. ज्याच्या कणसाला किंवा ओंबीला कुसळ येतें तें शूकधान्य: साळी, गहूं, जव इत्यादि. शमी किंवा शिंबी म्हणजे शेंग. जें शेंगेंत भरतें तें शमीधान्य: मूग, उडीद, हरभरा, मसूर, कुळीथ, तूर वगैरे. ही खूण किती साधी आणि किती चोख आहे पाहा. ग्रंथ न वाचलेल्या मुलालाही ती शेताच्या बांधावर पटावी. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ तृणकुल व शिंबीकुल अशीं जीं दोन मोठीं कुळें मानतात, त्यांच्याशीं ही जुनी वांटणी पुष्कळशी जुळते. एका ठिकाणीं मात्र ती सुटते. चरकानें तिळाला शमीधान्यांतच स्थान दिलें. तिळाच्या बोंडांत दाणे ओळीनें बसलेले असतात खरे. परंतु तें बोंड म्हणजे शिंबीकुलांतली शेंग नव्हे. वैद्याला त्याचें सोयरसुतक नव्हतें. त्याला दाण्याचा गुण हवा होता, वंशावळ नव्हे.

आतां यांतली एक गोष्ट पुढच्या कथेसाठीं ध्यानांत ठेवावयाची आहे. चरकाच्या शूकधान्यांत साळी आणि गहूं यांच्याच वर्गांत कोद्रा व सांवा हींही बसलेलीं आहेत. ही एक पंगत आहे. सुश्रुतसंहितेंत मात्र मांडणी बदलते. तेथें साळींचा वर्ग निराळा, मुगासारख्या द्विदलांचा निराळा, आणि कोद्रा, सांवा, वरी, राळा यांच्यासारख्या बारीक दाण्यांचा एक तिसराच वर्ग आहे. त्याचें नांव कुधान्यवर्ग. सोळाव्या शतकांतल्या भावप्रकाशांत धान्यांचे पांच प्रकार सांगितले आहेत: शालि, व्रीहि, शूक, शिंबी आणि क्षुद्र. या शेवटच्या क्षुद्रधान्यालाच कुधान्य आणि तृणधान्य अशीं दुसरीं नांवेंही तेथें दिलीं आहेत. वैद्यांच्या हिशोबीं क्षुद्र म्हणजे दाण्यानें लहान, एवढाच अर्थ असूं शकेल. त्यांनीं या धान्यांचे हलकेपणा, रूक्षपणा, कफपित्त कमी करणें हे गुण नीट नोंदलेले आहेत, आणि कांहीं विकारांत तींच पथ्य म्हणून सांगितलीं आहेत. परंतु शब्द ग्रंथांतून बाहेर पडला, म्हणजे तो ग्रंथकाराच्या हातांत राहत नाहीं. 'कु' आणि 'क्षुद्र' हीं विशेषणें दाण्यावरून दाणा खाणाऱ्यावर सरकण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

ही विद्या महाराष्ट्रांत परकी नव्हती. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली. त्या ग्रंथांतही अन्नाचा विचार शूक आणि शिंबी या जोडीपासूनच सुरू होतो. त्या शतकाच्या आरंभीं सिंघण यादवानें पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा पाडाव केला होता व करवीरचा मुलूख देवगिरीच्या सत्तेखालीं आला होता. राजधानींतल्या पंडिताच्या टांकाखालीं धान्यांचे वर्ग पडत होते, तेव्हां सह्याद्रीच्या उतारावर त्याच धान्यांची पेरणी होत होती. फक्त पेरणाराला त्या वर्गांचीं नांवें ठाऊक नव्हतीं.

कोल्हापूर जिल्ह्याची रचनाच अशी आहे, कीं या पंगती येथें डोळ्यांनीं पाहतां येतात. पश्चिमेस गगनबावड्याकडे वर्षाकाठीं हजारों मिलीमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेस शिरोळकडे तो पांचशें मिलीमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत खोलगट खाचरांत भात, आणि खाचर जेथें संपतें तेथून वर, डोंगराच्या वरकस जमिनींत, नाचणी व वरी. पूर्वेकडे उतरत गेलें, कीं काळी जमीन लागते. तेथें जोंधळा, हरभरा, भुईमूग. मधल्या पट्ट्यांत नद्यांच्या कांठीं ऊस. म्हणजे ज्याच्याकडे खाचर त्याच्या घरीं भात, आणि ज्याच्याकडे केवळ उतार त्याच्या घरीं नाचणीची भाकरी व आंबील. जमीन कोणाच्या वाट्यास कसली आली, तें त्याच्या ताटावरून कळत असे. पुढें नाचणी म्हणजे गरिबाचें अन्न, असें जें समीकरण बसलें, त्याचें मूळ दाण्यांत नव्हतें. तें जमिनीच्या वांटणींत होतें. दाण्यास मात्र त्याचा बोल लागला.

वस्तुतः गुणांचा हिशोब मांडला, तर ही उतरंड टिकत नाहीं. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या सडीक तांदळांत त्याच्या विसावा हिस्साही नसतो. शिवाय नाचणीला कीड सहसा लागत नाहीं, आणि ती कणगींत वर्षानुवर्षें टिकते. घाटमाथ्यावरच्या माणसाला हा दाणा म्हणजे अडीअडचणीची ठेवच होती.

दुष्काळ हा सगळ्या पंगती मोडणारा असतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत शाहू छत्रपतींनीं संस्थानांत स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं. असल्या वेळीं धान्याचा वर्ग कोणी विचारीत नाहीं. दाणा आहे कीं नाहीं, एवढेंच विचारतात. परंतु याच्या उलट अनुभवही महाराष्ट्राच्या संग्रहीं आहे. १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेंतून तांबडी मिलो ज्वारी आली व रेशनच्या दुकानांतून वांटली गेली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ती आणि आपला जोंधळा एकाच जातीचीं. परंतु लोकांनीं तिला जोंधळा म्हटलें नाहीं. ते तिला शेवटपर्यंत 'मिलो'च म्हणत राहिले. तिची भाकरी खाऊन दिवस काढलेल्या पिढीनें तो शब्द पुढें कित्येक वर्षें कडवटपणानेंच उच्चारला. शास्त्रज्ञानें एका ओळींत बसविलेलें धान्य चुलीनें दुसऱ्या ओळींत बसविलें, तें असें.

आतां शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचा पहिला वर्ग काळाचा आहे. खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. खरीफ म्हणजे शरद् ऋतु, रबी म्हणजे वसंत. पीक ज्या ऋतूंत हातीं येतें त्या ऋतूचें हें नांव आहे. महसुली दप्तरांतून ते शब्द आले आणि शेतांत रुजले. या वांटणींत भात, नाचणी, मूग आणि भुईमूग एका बाजूस येतात, तर गहूं, हरभरा आणि करडई दुसऱ्या बाजूस. म्हणजे वैद्यानें जे वर्ग वेगळे केले होते ते येथें खुशाल एकत्र नांदतात. कारण येथें कुसळ आणि शेंग यांना महत्त्व नाहीं, पाऊस आणि थंडी यांना आहे.

शेतकऱ्याचा दुसरा वर्ग बेवडाचा. एका पिकामागून जमीन ज्या स्थितींत राहते तिला तो बेवड म्हणतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, मुगाचा चांगला, हें त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तो जोंधळ्यांत तुरीची ओळ टाकतो आणि द्विदलानंतर एकदल घेतो. असें कां होतें, याचा शास्त्रीय उलगडा १८८६ ते १८८८ या काळांत हेल्रीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनीं केला. शेंगवर्गी पिकांच्या मुळांवर ज्या गांठी असतात त्यांतले सूक्ष्म जंतु हवेंतला नत्र पकडून पिकाला पुरवितात, हें त्यांनीं दाखविलें. मुळावरची गांठ ही शेंगेइतकीच या कुळाची खूण ठरली. शेतकऱ्याचा वर्ग अनुभवाचा होता. प्रयोगशाळेनें त्यास कारण जोडून दिलें.

स्वयंपाकघराचें शास्त्र याहून निराळें. तेथें प्रश्न असतो तो जात्याचा. जें दळलें म्हणजे पीठ होतें तें एक, आणि जें भरडलें म्हणजे दुभंगतें तें दुसरें. डाळ हा शब्दच दुभंगण्याच्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे, आणि द्विदल म्हणजे ज्याचीं दोन दळें होतात तें. कोल्हापूर व सांगली या भागांत जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी आहे. जैन आचारांत कच्चें दूध, दहीं किंवा ताक यांच्याबरोबर द्विदल खाणें वर्ज्य मानतात. त्यामुळें द्विदल नेमकें कोणतें, हें ठरविणें त्यांना भागच होतें. त्यांच्या परंपरेंतली एक व्याख्या मोठी लक्षांत घेण्यासारखी आहे: ज्याचीं दोन दळें होतात, परंतु पिळलें असतां ज्यांतून तेल निघत नाहीं, तें द्विदल. म्हणजे मूग द्विदल ठरला. तेल देणारे दाणे बाहेर राहिले. ही कसोटी लक्षांत असूं द्यावी. ती पुढें एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं पुन्हां भेटणार आहे.

व्रतांची वांटणी तर आणखी निराळ्या प्रश्नावर उभी आहे. ऋषिपंचमीच्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें खावयाचें नाहीं, असा आपल्याकडे दंडक आहे. नांगरलेल्या शेतांतलें धान्य त्या दिवशीं बाजूस राहतें, आणि आपोआप उगवलेलें किंवा हातानें लावलेलें तेवढें चालतें. दलदलींत आपोआप येणारा देवभात त्या दिवसाचा मानकरी होतो. येथें कसोटी दाण्याची नाहीं, पचनाची नाहीं. ती श्रमाची आहे. कोणाच्या मानेवर जूं ठेवून हें पिकलें, असा तो प्रश्न आहे. धान्यांचे इतके वर्ग झाले. परंतु याइतका कोवळा वर्ग दुसरा कोणताच नसेल.

एकादशीची पंगत सर्वांच्या परिचयाची आहे. तींत वरी आहे, राजगिरा आहे, साबुदाणा आहे, शेंगदाणा आहे. गहूं, जोंधळा आणि डाळी यांना मज्जाव. या यादीकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें, तर एक मौज दिसते. वरी ही जुन्या ग्रंथांतल्या कुधान्यांपैकीं. शेंगदाणा अमेरिका खंडांतला. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. आणि राजगिऱ्याच्या ज्या जाती दाण्यासाठीं पेरतात त्यांचें मूळही तेथेंच शोधतात. म्हणजे ज्यांना पंगतींत खालची जागा होती किंवा मुळींच जागा नव्हती, तींच उपासाच्या पानावर येऊन बसलीं. अन्न म्हणून ज्यांचा निषेध केला होता त्यांच्या यादींत हीं नव्हतींच. त्यामुळें त्यांना अडविणार कोण? असें अनुमान करण्यास येथें चांगली जागा आहे.

या नवागतांमध्यें भुईमुगाची कथा सर्वांत बोधप्रद आहे. त्याचें माहेर दक्षिण अमेरिकेंत, आजच्या बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना यांच्या प्रदेशांत. समुद्रापलीकडून हें अनोळखी रोप आलें, तेव्हां प्रत्येक भाषेला त्याचें नांव ठेवावें लागलें, आणि नांव ठेवणें म्हणजेच वर्ग ठरविणें. मराठी शेतकऱ्यानें त्यास भुईमूग म्हटलें. हिंदी मुलुखांत ती मूंगफली झाली. कन्नडांत नेलगडले आणि तमिळांत निलक्कडलै, म्हणजे भुईंतला हरभरा. बंगाली माणसानें मात्र चिनेबादाम म्हणून त्यास बदामाच्या रांगेंत नेऊन बसविलें. इंग्रजानें तर एकाच नांवांत वाटाणा आणि कवचाचें फळ हीं दोन्ही जोडून दिलीं. यांत कोण बरोबर? लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत या वनस्पतीस शास्त्रीय नांव दिलें. ती शिंबीकुलांतली आहे. म्हणजे मराठी शेतकऱ्याचा कौल अचूक होता. रोपाचें पान, फूल आणि शेंग पाहून त्यानें हा मुगाचा भाऊबंद आहे हें ओळखलें, आणि फूल झडल्यावर ज्याची आरी जमिनींत शिरून तेथें शेंग धरते त्याला 'भुई' हें विशेषण जोडलें. दोन अक्षरांत जात आणि दोन अक्षरांत व्यवच्छेदक लक्षण. शास्त्रीय नामकरणाची रीत याहून फार वेगळी नाहीं.

परंतु इतकें करूनही बाजारांत भुईमूग कडधान्यांत बसला नाहीं. त्याच्या दाण्यांत वजनाच्या जवळजवळ निम्में तेल असतें. म्हणून तो तीळ, करडई, जवस व कारळे यांच्याबरोबर गळिताच्या धान्यांत गेला. तेल हा शब्द तिळापासून निघाला, आणि त्या तिळाच्या गादीजवळ हा परदेशी पाहुणा येऊन बसला. अशा रीतीनें एकच दाणा शेतांत मूग, घाण्यावर गळीत, उपासाला फराळ, आणि खारवून बशींत ठेवला कीं सुकामेवा! मघाशीं जी जैन कसोटी सांगितली ती येथें पुन्हां भेटते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषि संघटनेच्या व्याख्येंतही कडधान्य म्हणजे कोरडा दाणा म्हणून खाण्यासाठीं काढलेलें शेंगवर्गी पीक. ज्यांचा मुख्य उपयोग तेलासाठीं होतो तीं भुईमूग व सोयाबीन यांच्यासारखीं पिकें तींतून वगळलेलीं आहेत. व्रताच्या सोवळ्यांतून निघालेली कसोटी आणि आंकडेवारीच्या गरजेंतून निघालेली कसोटी, दोघी एकाच ठिकाणीं येऊन भेटल्या; कारण दोघींनींही तेल हाच प्रश्न विचारला.

कवचाच्या फळांच्या बाबतींत आपल्या भाषेनें वेगळाच मार्ग धरला. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते यांना एकत्र बांधणारा सुटसुटीत देशी शब्द बोलण्यांत नाहीं. आपण सुकामेवा म्हणतों, आणि त्यांत मनुका व खारीकही घालतों. शास्त्रज्ञाच्या काटेकोर व्याख्येंत तर यांतले बहुतेक कवचफळ नव्हेतच. बदाम हा आंब्याच्या कोयीसारख्या बाठ्याच्या आंतला गर आहे. काजू पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझिलांतून गोव्यास आणला. त्याचें नांवही तिकडच्याच तुपी भाषेंतून पोर्तुगीजांच्या तोंडीं आणि तेथून आपल्याकडे आलें. आज आजरा व चंदगड या तालुक्यांच्या उतारांवर त्याच्या बागा आहेत. त्याची बी बोंडाच्या बाहेर लोंबते. आपल्या रानांतल्या बिब्ब्याचीही हीच ठेवण, आणि खरोखरच काजू, बिब्बा व आंबा हीं तिन्ही एकाच कुळांतलीं. परंतु एकाची बी चांदीच्या वाटींत आली, दुसऱ्याची औषधाच्या बटव्यांत राहिली.

इंग्रजी अमलांत धान्यांचे वर्ग रकान्यांत शिरले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेंत कोल्हापुरावरचा चोविसावा खंड १८८६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या मालेंत पिकांची मांडणी सामान्यतः धान्यें, कडधान्यें, गळिताचीं बीजें, धाग्याचीं पिकें आणि संकीर्ण अशी आढळते. सरकारी पीकपत्रकांनीं हीच चौकट पुढें चालविली, आणि आजही शेतीखात्याच्या कागदांवर तृणधान्यें, कडधान्यें व गळीतधान्यें हेच तीन मोठे मथळे असतात. येथें शब्दाच्या नशिबाचा एक विलक्षण फेरा पाहावयास मिळतो. भावप्रकाशांत तृणधान्य हें नांव क्षुद्र धान्यांचें होतें. वनस्पतिशास्त्रानें दाखवून दिलें कीं, गहूं आणि साळी हींही गवतेंच आहेत. तेव्हां तृणधान्य हा शब्द वर सरकला आणि गव्हातांदळासकट साऱ्या वर्गाचें नांव बनला. ज्याला हिणवण्यासाठीं गवत म्हटलें, तें नांव शेवटीं हिणवणारांनाही लागू पडलें.

नांव वर गेलें. बारीक धान्यें मात्र खालींच राहिलीं. त्यांना आतां भरड धान्य म्हणूं लागले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें सवलतीचा दर किलोमागें तांदळास तीन रुपये, गव्हास दोन रुपये आणि भरड धान्यास एक रुपया असा ठरविला होता. हेतु चांगला होता. परंतु जुनी उतरंड त्या तीन आंकड्यांतही स्पष्ट वाचतां येते. पुढें वारें फिरलें. एप्रिल २०१८ मध्यें केंद्र सरकारनें राजपत्रांत जाहीर करून ज्वारी, बाजरी, नाचणी व इतर बारीक धान्यांना पौष्टिक धान्यें म्हणून मान्यता दिली, आणि गवताच्या कुळांतला नसलेला राजगिराही त्या यादींत घेतला. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें याच धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. २०२३-२४ च्या खरीप हंगामांत नाचणीचा हमीभाव क्विंटलमागें ३,८४६ रुपये होता, आणि साध्या भाताचा २,१८३. कुधान्य, क्षुद्रधान्य, भरड धान्य आणि पौष्टिक तृणधान्य: दाणा तोच, डोंगर तोच, पेरणाराही बहुधा तोच. बदलला तो विचारणाऱ्याचा प्रश्न. पूर्वीं विचारीत, हें कोण खातो? आतां विचारतात, यांत आहे काय?

कोल्हापुरच्या शेंडा पार्कांतल्या कृषि संशोधन केंद्रांत नाचणी व वरी यांच्यावर काम चालतें. तेथें निघालेल्या वरीच्या एका वाणास 'फुले एकादशी' असें नांव दिलें आहे. शास्त्रज्ञांनीं निवडलेल्या वाणाला व्रताच्या पंगतीचें नांव मिळावें, यांत मोठें शहाणपण आहे. लोकांनीं ज्या वर्गांत एखादें धान्य सांभाळलें, त्या वर्गाची किंमत त्यांत मान्य केलेली आहे. वरीला भाताच्या शेजारीं जागा मिळाली नाहीं. परंतु एकादशीनें तिला घर दिलें, म्हणून ती आजवर टिकली. राळा आणि कोद्रा यांना तसा आधार मिळाला नाहीं, आणि तीं शेतांतून जवळजवळ नाहींशीं झालीं.

म्हणून सर्व वर्गांत घातक असा वर्ग कोणता, असें कोणीं विचारलें, तर तो कुधान्याचा नव्हे. तो 'इतर' या मथळ्याचा होय, असें मी म्हणेन. ज्यास कु म्हटलें त्याचें निदान नांव तरी राहिलें, गुण तरी लिहिले गेले. जें 'इतर तृणधान्यें' या रकान्यांत गेलें, त्याचें निराळें क्षेत्र दिसत नाहीं, भाव दिसत नाहीं, आणि एके दिवशीं तें पेरणें थांबलें तरी आंकड्यांत कोणाला उणीव जाणवत नाहीं. मोठे वर्ग सरकारला आणि शास्त्राला हवेतच. त्यांच्यावांचून हिशोब चालणार नाहीं. परंतु त्या वर्गांच्या पोटांत प्रत्येक दाण्याचें स्वतःचें नांव जिवंत राहिलें पाहिजे, आणि तें काम कचेरीपेक्षां गांवांतच अधिक चांगलें होईल.

नवरात्रांत घट बसवितांना आपल्या घरोघरीं मातींत धान्य पेरतात. रूढ नवधान्यांत गहूं व भात आहेत, तूर, मूग, हरभरा, पावटा, उडीद, कुळीथ आहेत, आणि तीळही आहे. शूक, शिंबी, गळीत, खरीप, रब्बी या सगळ्यांचें तेथें एका मुठींत संमेलन होतें. घटांतली माती त्यांतल्या कोणालाच त्याची पंगत विचारीत नाहीं. ज्या बीजांत जीव आहे तें उगवतें. यंदां त्या मुठींत घाटमाथ्यावरच्या घरांनीं नाचणीचे, वरीचे आणि मिळाल्यास राळ्याचे चार दाणे मिसळावेत, आणि मुलांना त्यांचीं नांवें सांगावींत. धान्य टिकविण्याची सुरुवात तें नांवानें ओळखण्यापासूनच होते.